जुन्या सिटी झेडएक्सचा पिकअप वाढवायचा आहे, काय काय करता येईल?

मानेवाडा_झेडएक्स

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ ची होंडा सिटी झेडएक्स आहे, आय-डीएसआय इंजिन, एमएच ३१ (नागपूर) पासिंग, बाबांनी नवीन घेतलेली. विकायची नाही हे आधीच सांगून ठेवतो कारण जो भेटतो तो "काढ न भाऊ, नवीन घे" म्हणून राहिला. बॉडीला गंज नाही, एसी थंडगार आहे, सस्पेन्शनचं काम मागच्या वर्षी करून घेतलं, आतली सीटं बी ओरिजनल. फक्त गाडीत दम नाही राहिला.

मागच्या महिन्यात घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. परतवाडा सोडून घाट लागला तसा चार माणसं, सामान आणि एसी, गाडी तिसरा गिअर घ्यायलाच तयार नाही, शेवटी एसी बंद करून काचा खाली करून चढवली, आईला त्या उन्हात लय त्रास झाला. समृद्धीवर बी तेच, ९० पर्यंत जाते बरोबर पण तिथून ११०-१२० ला न्यायची म्हटली की पाय पूर्ण दाबून ठेवावा लागते आणि ट्रकच्या बाजूला अर्ध्यात अडकलो की भीती वाटते. मायलेज सिटीत १० च्या आसपास, आधी १३ द्यायची.

बजेट ४०-५० हजार आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत, कोन फिल्टर (उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), फ्री फ्लो एक्झॉस्ट (मोकळा सायलेन्सर) आणि ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं). प्रीमियम पेट्रोलने काही फरक पडते काय हे पण सांगा. १५ इंची अलॉय टाकलेले आहेत, टायर कंपनीच्या साइजपेक्षा रुंद. रोज मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी जाणं-येणं. ज्यांनी खरंच करून पाहिलं असन त्यांनी सांगा.

धरमपेठ_रेव्ह

भाऊ मस्त गाडी आहे, अजिबात विकू नको. मी म्हणतो तिन्ही करून टाक एकदमच. हेडर्स (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप) आणि फ्री फ्लो टाकला की वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होते, रिमॅप त्याच्यावर केला तर थ्रॉटल एकदम शार्प वाटतो. आणि खरी हौस असेल तर याच शेपमध्ये व्हीटेक इंजिनवाली गाडी यायची, १०० बीएचपी, १६ व्हॉल्व्ह, तुझं आय-डीएसआय ७७ बीएचपी आणि ८ व्हॉल्व्हचं आहे. ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या गाडीचं व्हीटेक इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, वायरिंग असा पूर्ण सेट मिळाला तर बसते ते. २३ बीएचपी एका झटक्यात, दुसरं काहीही करून एवढे येणार नाहीत. फक्त सेट पूर्ण घे, नुसतं इंजिन घेऊन आलास तर वायरिंगमध्ये महिने जातील.

गॅरेज_काका_सक्करदरा

पोरा, तू जे लिहिलं ते वाचून मले एकच दिसून राहिलं, तुझी गाडी ७७ ची राहिलीच नाही. १३ चा मायलेज १० वर येते आणि घाटात तिसरा घेत नाही याचा अर्थ कुठंतरी पॉवर गळून राहिली. ती गळती तशीच ठेवून वरून सायलेन्सर लावला तर आवाज वाढीन, बाकी काही नाही. आधी ७७ चे ७७ भरून घे, मग ८५ ची गोष्ट कर.

आता कुठून सुरू करायचं ते सांगतो. पहिले प्लग. या इंजिनात एका सिलेंडरला दोन प्लग आहेत, म्हणजे एकूण आठ, आणि कॉइल बी आठ. पुढचे चार बोनेट उघडलं की समोर दिसतात, कोणताही पोट्टा दहा मिनिटात बदलून देते. मागचे चार काचेच्या बाजूला, काऊलखाली (वायपरखालचं प्लास्टिक कव्हर), तिथं हात नीट जात नाही, वायपर-काऊल काढावं लागते. म्हणून कित्येक ठिकाणी बिल आठचं बनते अन् बदलतात चारच. दोन प्लग यासाठीच दिलेत की ठिणगी दोन बाजूने पडली पायजे आणि मिक्स्चर लवकर अन् पूर्ण जळलं पायजे. मागचे मेले तरी गाडी चालू होते, आयडलवर बी फारसं कळत नाही, पण लोड आला की मार खाते. तुझ्या घाटात हेच होऊन राहिलं असन असा माझा अंदाज आहे. मागचे काढून डोळ्यांनी बघ, कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवू नको.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह अन् त्याला दाबणाऱ्या भागामधली फट. या इंजिनात टॅपेट आपोआप ॲडजस्ट होत नाही, स्क्रू-नटवाले आहेत, फीलर गेज घालून हाताने करावे लागतात आणि ते बी इंजिन पूर्ण थंड असताना. ढिले असले तर टकटक आवाज येते म्हणून लोक करून घेतात. टाइट झाले तर आवाजच नाही, उलट इंजिन छान शांत वाटते, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायले लागते. शांत इंजिन पाहून खूश होऊ नये.

तिसरं कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजणं. आठही प्लग काढ, गेज लाव, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मार, चारही सिलेंडरचे आकडे कागदावर लिही. आकडा किती याच्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्याच्या वर फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घे. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्हची भानगड. हे पाचशे-हजाराचं काम आहे आणि याच्यावर तुझे पन्नास हजार कुठं घालायचे ते ठरते.

मग क्लच. टॉप गिअरमध्ये ५० वर गाडी ने आणि एकदम पूर्ण पाय दाब. आरपीएमचा काटा वर पळाला आणि स्पीड मागे राहिला तर क्लच घसरून राहिला. ब्रेक बी बघ. चाक जॅकवर उचल, हाताने फिरव, एका फेरीत थांबलं तर कॅलिपरची पिन सुकली आहे. आणि हो, त्या जाड मॅट! ॲक्सिलरेटरच्या खाली मॅट सरकून पॅडल पूर्ण दबतच नाही अशा गाड्या माझ्याकडे येतात, लोक पॉवर कमी म्हणतात अन् मॅट काढली की गाडी पळते.

एवढं सगळं करून बी जान नाही आली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा (कॅट), बघायचा. २००६ चा कॅट आतून वितळून जाम होऊ शकते. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावलं की लगेच कळते. जाम कॅटची गाडी खाली बरोबर चालते आणि वर आरपीएम चढतच नाही, ९० नंतर तुझी जी रड आहे तशी.

मानेवाडा_झेडएक्स

काका खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. प्लग दीड वर्षांपूर्वी बदलले होते, बिलात आठच लिहिलेले आहेत, पण वायपर काढलेला मला तरी आठवत नाही. येत्या रविवारी बघतोच. मॅट खरंच जाड आहे, आज काढून टाकली.

औष्णिक_सर

कोन फिल्टरबद्दल लिहितो कारण नागपुरात हा विषय वेगळा आहे आणि पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून लोक इथे फिल्टर लावतात. इंजिन पेट्रोलवर चालतं हे खरं पण पॉवर किती मिळणार ते ठरवते हवा, म्हणजे आत किती वजनाची हवा गेली ते. हवा तापली की विरळ होते. २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा जवळपास ६ टक्के विरळ असते, हे साधं गॅसच्या नियमाचं गणित आहे, २९८ भागिले ३१८ करून बघा. म्हणजे मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर तुमची गाडी काहीही न बिघडता डिसेंबरच्या सकाळपेक्षा कमजोर असते. आता कंपनीचा एअरबॉक्स बाहेरची हवा ओढतो, आणि कोन फिल्टर नुसता बोनेटखाली उघडा बसवला तर तो इंजिनच्या अंगावरची हवा ओढतो, जी सिग्नलला उभं असताना ६०-६५ पर्यंत सहज जाते. म्हणजे वरून आणखी ५-६ टक्के गेले. फिल्टर मोकळा केल्याने अशा साध्या इंजिनात दोन-तीन बीएचपी मिळाले तर मिळाले, ते तिथेच वाहून गेले, हातात राहिला नुसता आवाज.

तुमच्या मूळ एअरबॉक्सची झाकणं नीट लागतात का, हवा घेणारा पाइप तुटलेला किंवा निघालेला तर नाही ना, हे आधी बघा. जुन्या गाड्यांत तो पाइप बऱ्याचदा कोणीतरी सर्व्हिसिंगला काढतो आणि परत लावतच नाही, मग गाडी वर्षानुवर्षं गरम हवाच पीत राहते. चांगला कागदी फिल्टर वेळेवर बदला, तुमचा रोजचा रस्ता हिंगण्याचा आहे म्हणजे ट्रक आणि धूळ, पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या अर्ध्यातच तो भरतो.

घाटाचं पण थोडं सांगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि चिखलदरा १११८ मीटर, त्या ८०० मीटरमध्ये हवा आणखी ७-८ टक्के हलकी होते, वर थंडी असेल तर त्यातलं थोडं भरून निघतं. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावरच चालतो, तो दोन-चार बीएचपी खातो, आणि ७७ मधून ते जाणवतातच. आय-डीएसआयचा टॉर्क २७०० आरपीएमला सगळ्यात जास्त असतो. म्हणून घाटात काटा अडीच ते साडेतीन हजारात राहील असा गिअर धरायचा, दुसरा लागला तर दुसरा, त्यात वाईट वाटून घेऊ नका. चौथ्यात दीड हजारावर पाय दाबून धरलं तर इंजिन नुसतं कण्हतं.

प्रीमियम पेट्रोलचं म्हणाल तर ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, नॉकिंग (सिलेंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून होणारी खडखड) सहन करायची क्षमता आहे. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलसाठीच ट्यून केलेलं आहे. फक्त भर उन्हात, पूर्ण लोडवर, आत कार्बन बसलेला असताना खडखड होत असेल तर ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो आणि पॉवर पडते, तेव्हा थोडा फरक जाणवू शकतो. तरी ते पैसे मी कार्बन आणि थ्रॉटल बॉडी साफ करण्यात घालीन. मायलेज पडण्यात वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा पण हात आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के जातात. पण १३ चे १० म्हणजे तेवीस टक्के झाले, बाकीचं काकांनी सांगितलं त्यातच सापडेल. २००६ ची गाडी आहे तर इंधनाचे रबरी पाइप फुगलेत का, भेगा आहेत का, तेही एकदा हात लावून बघा.

वर्णा_डिझेल_अमरावती_रोड

रिमॅपचा अनुभव सांगतो पण माझी गाडी वेगळी आहे हे ध्यानात ठेव. माझी जुनी वर्णा सीआरडीआय, कंपनीचे ११० पीएस. टर्बो डिझेलमध्ये रिमॅप म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबून घातलेली हवा) आणि डिझेलचं प्रमाण दोन्ही वाढवता येते, त्यामुळे वीस टक्क्यांच्या आसपास वाढ खरंच मिळते आणि ती पहिल्याच ओव्हरटेकला पायाला कळते. कोंढाळीच्या पुढे ट्रकची रांग एका दमात मागे टाकतो. पण तुझ्या गाडीत टर्बो नाही. नैसर्गिक हवा ओढणाऱ्या पेट्रोलमध्ये रिमॅपवाला काय वाढवणार, टायमिंग थोडं पुढे आणि मिक्स्चर थोडं रिच, चांगला माणूस असेल तर पाच टक्के, म्हणजे चार बीएचपी. त्यासाठी २०-२५ हजार मी तरी नाही देणार.

आणि टर्बोवाल्यांनी पण ऐका, रिमॅपनंतर माझा जुना क्लच टिकला नाही, टॉर्क वाढला आणि तो घसरायला लागला, क्लच सेट आणि प्रेशर प्लेटचा खर्च रिमॅपच्या वर गेला. वाढवायचं असेल तर ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

पासिंगवाला_४९

इंजिन स्वॅप आणि एक्झॉस्टचं कागदी बाजूने बोलतो, माझं रोजचं काम तेच आहे. आरसीवर इंजिन नंबर आहे, सीसी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगते की कंपनीने मूळ जे ठरवून दिलं आणि आरसीवर जे नोंदलं त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२ ए आलं, त्यात मालकाने परवानगीशिवाय बदल केला तर एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग इंजिनचं खरेदीचं बिल, कोणत्या गाडीतून काढलं त्याचे कागद, मग आरसीवर नवीन नंबर चढवणं. भंगारातून बिनकागदाचं इंजिन आणाल आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्या.

तुमची गाडी २००६ ची म्हणजे पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२१ ला संपलं, पाच वर्षांचं नूतनीकरण केलं असेल तर ते पण आता संपत येते. एप्रिल २०२२ पासून कारची नूतनीकरण फी ६०० वरून ५००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये ती १०,००० केली, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे तारीख चुकवू नका. फिटनेसला गाडी जाईल तेव्हा इंजिन नंबर बघतात, आवाज बघतात, पीयूसी लागते. कॅट काढून नुसता पाइप टाकला तर पीयूसीला अडकाल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट इन्शुरन्स, न कळवता बदल केलेला निघाला तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तेच पहिले लिहितो. घरचे लोक घेऊन फिरता, त्यात रिस्क घेऊ नका.

धरमपेठ_रेव्ह

पासिंगवाले दादा बरोबर बोलून राहिले, परवानगी आणि कागद पाहिजेतच, मी ते लिहायला हवं होतं. तरी व्हीटेक स्वॅप कागदाने करणारे लोक आहेत आणि ती गाडी चालवल्यावर काय वाटते ते मी बाजूला बसून पाहिलेलं आहे, म्हणून सांगितलं. हिशेबाने बघितलं तर व्हीटेकवाली झेडएक्सच चांगल्या कंडिशनमध्ये विकत घेणं सोपं पडते, पण बाबांची गाडी हीच आहे तर ते जाऊ दे.

अलॉयवर कोणी बोललं नाही. रुंद आणि जड चाकं टाकली की पिकअप जातोच, फिरणारं वजन वाढते, आणि टायरची बाहेरची उंची वाढली असेल तर प्रत्येक गिअर उंच झाल्यासारखा होते. साइडवॉलवरचा आकडा इथे टाक, हिशेब करून सांगतो किती टक्के फरक पडला ते.

मानेवाडा_झेडएक्स

मंडळी, रविवारी पूर्ण दिवस गाडीवरच होतो, ओळखीच्या एका मेकॅनिकला घरीच बोलावलं. सांगतो काय निघालं ते.

काऊल काढलं. मागचे चार प्लग जुनेच! पुढचे चार स्वच्छ, नवीन कंपनीचे, आणि मागचे वेगळ्याच कंपनीचे, इलेक्ट्रोड झिजून टोक गोल झालेलं, गॅप एवढा की पुढच्याशी शेजारी धरला तर डोळ्यांनीच फरक दिसत होता, एकाच्या पांढऱ्या भागावर तपकिरी वलय. त्यातली एक कॉइल पण मेलेली. आठ प्लगचे पैसे दिले होते मी. काका तुम्ही म्हणाले नसते तर हे कधीच कळलं नसतं.

कॉम्प्रेशन घेतलं, तीन सिलेंडर १७० ते १७५ पीएसआय आणि तिसऱ्या नंबरचा १५०. चमचाभर ऑइल टाकून घेतलं तरी १५२, म्हणजे तुमच्या हिशेबाने व्हॉल्व्ह. डावीकडचं पुढचं चाक हाताने फिरतच नव्हतं, कॅलिपरची पिन सुकलेली, ती साफ करून ग्रीस लावली. आणि सरांनी म्हटलं तो एअरबॉक्सचा पाइप तुटका नव्हता पण आतल्या टोकाचा क्लिप निघालेला, बाहेर लोंबकळत होता.

आठही प्लग एकाच कंपनीचे नवीन, एक कॉइल, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ, सगळं मिळून दहा हजाराच्या आत झालं. काल रात्री आउटर रिंग रोडवर नेली, तिसऱ्या गिअरमध्ये जी अडखळायची ती सरळ ओढून राहिली, एसी चालू ठेवून. बाबा बाजूला होते, ते म्हणाले नवीन घेतली तेव्हा अशीच जायची. टायरवर १९५/६० आर १५ लिहिलेलं आहे, रेव्ह भाऊ हिशेब करून सांग. कोन फिल्टर आणि एक्झॉस्टचा विचार सोडला.

काका, आता टॅपेट आधी करू का थेट हेड (इंजिनचा वरचा व्हॉल्व्हवाला भाग) उघडायचं? मेकॅनिक म्हणतो हेड उघडूनच टाकू.

गॅरेज_काका_सक्करदरा

हेड नको उघडू लगेच! एका सिलेंडरमध्ये २० चा फरक आहे, टॅपेट टाइट असल्यानं बी एवढा येते. आधी टॅपेट करून दोन-तीनशे किलोमीटर चालव, मग परत कॉम्प्रेशन घे. वर आलं तर हेडचे पैसे वाचले. तसंच राहिलं तर मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला समज, तेव्हा हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं) करू, आणि त्यातच व्हॉल्व्ह सील बी बदलून घेऊ.

गाडी रात्रीच आणून लाव अन् चावी देऊन जा. सकाळी इंजिन पूर्ण थंड पायजे, मानेवाड्याहून चालवत आणशील तर गरम इंजिनावर गेज बरोबर बसणार नाही.

धरमपेठ_रेव्ह

हिशेब केला भाऊ. कंपनीचा १७५/६५ आर १४ धरला तर बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर, तुझा १९५/६० आर १५ म्हणजे ६१५. साडेपाच टक्के मोठं चाक. म्हणजे प्रत्येक गिअर साडेपाच टक्के उंच, आणि स्पीडोमीटर ९० दाखवते तेव्हा खरा स्पीड ९५ च्या आसपास, ओडोमीटर बी कमी मोजते, त्यामुळे तुझा मायलेज दिसतो त्याच्यापेक्षा थोडा जास्तच असन. पुढच्या वेळी टायर घेशील तर याच अलॉयवर १८५/५५ आर १५ बघ, व्यास ५८४ येतो, जवळपास कंपनीइतकाच. फक्त लोड रेटिंग कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, ते दुकानात साइडवॉलवर वाचून घे.